नेत्राणीची बुडी आणि घाट चढायची घाई

आम्हा बेळगावकरांचा समुद्र म्हणजे गोवा नाहीतर मालवण. यंदा फेब्रुवारीत मात्र मी, मेहुणा आणि भाचा हुबळी-यल्लापूर करत अरबैल घाट उतरलो आणि मुरुडेश्वर गाठलं. नेत्राणी बेटापाशी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी, करायचं होतं.

बेट किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर. बोटीला तासाच्या वर लागतो. मी निघताना मसाला डोसा चापला होता, तो अर्ध्या वाटेत समुद्राला वाहिला. तुम्ही दोन इडल्यांवर भागवा, उलटीची गोळी तासभर आधी घ्या. सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नका, कान फुटायची वेळ येते. खाली जाताना कान दुखायची वाट न बघता दर मीटरभराला नाक दाबून हलकेच फुंकायचं.

मी विहिरीत पोहायला शिकलेला, दम धरण्यात पटाईत. तीच खोड इथं जिवावर बेतते. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथं छातीत भरलेली हवा कोंडून वर आलात तर ती दुपटीनं फुगते, फुफ्फुस फाटू शकतं. श्वास चालू ठेवायचा, बस्स.

खाली खडक उतरत जातो आणि पुढं नुसती निळाई. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा कुरकुर आवाज चक्क ऐकू येतो! भाच्याचा लाल टी-शर्ट मात्र मातकट दिसत होता. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. नवख्यांना १२ मीटरखाली नेत नाहीत, पण कड्यापलीकडं बघूनही पोटात गोळा आला.

दुपारी भाच्याची भुणभुण सुरू झाली, "मामा, आजच निघूया की! रात्री घरात." इथंच आपली मंडळी चुकतील. दाबाखाली रक्तात नायट्रोजन मुरतो. लगेच उंचीवर गेलं की तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसू शकतो. बुडीनंतर लगेच विमानात बसायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, घाटाचं कुणाच्या डोक्यात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर. सहाशेच्या वर जायचं तर एका बुडीनंतर किमान १२ तास, जास्त बुड्या झाल्या तर १८ तास थांबायचं. म्हणून मुक्कामाची खोली दोन रात्रींची घ्या. मालवणहून आंबोली चढणाऱ्यांनाही हेच लागू.

आम्ही रात्री बांगडा खाल्ला, सकाळी दहाला निघालो. भाचा हुबळीपर्यंत बोलला नाही.