काटा १०० वर, विमान ११६ वर

दाबोळी विमानतळाला लागून असलेल्या चिखलीत राहत असलो, तरी विमान चालवण्याची माझी हौस घरच्या संगणकावरील सिम्युलेटरवरच भागते. गेल्या पावसाळ्यात दाबोळीहून सेसना १७२ हे छोटे विमान घेऊन समुद्रावर निघालो असता १०,००० फुटांवर लक्षात आले, की वेगाचा काटा १०० नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असताना जमिनीच्या तुलनेतला वेग सांगणारा जीपीएस मात्र ११६ नॉट दाखवत आहे. पहिला संशय अर्थातच पाठवाऱ्यावर गेला. म्हणून वारा शून्य केला (जुलैतल्या दाबोळीत ही थट्टाच म्हणायची), तापमान व दाब प्रमाणित ठेवले आणि काटा १०० वर राखत पुन्हा चढलो. २,००० फुटांवर १०३, ६,००० फुटांवर १०९ आणि १०,००० फुटांवर पुन्हा तेच ११६.

शोध घेतल्यावर कळले, की हा काटा मुळात वेग मोजतच नाही. पिटो नळीत समोरून शिरणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालचा स्थिर दाब यांतील फरक तो दाखवतो, आणि तबकडीवरील आकडे समुद्रसपाटीच्या हवेची घनता, म्हणजे घनमीटरला १.२२५ किलो, गृहीत धरून आखलेले असतात. १०,००० फुटांवर ही घनता ०.९ च्या आसपास उरते, त्यामुळे तेवढाच दाब मिळवायला विमानाला अधिक वेगाने जावे लागते. दोन्ही घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने मी १०० ला भागले. उत्तर ११६ आले. दर हजार फुटांना दोन टक्के वाढवण्याचा प्रचलित ठोकताळा १२० सांगतो, तो मला जरा सढळच वाटतो.

गणित पटले तरी डोळ्यांना ते पटायला लेहला जावे लागले. तेथील विमानतळ १०,६८२ फुटांवर आहे. उतरताना काटा नेहमीच्या ६५ वर होता, पण खरा वेग ७६ च्या घरात असल्याने जमीन अंगावर धावून येत असल्यासारखी भासली. घाबरून मी इंजिनाची शक्ती कमी करायला थ्रॉटल मागे ओढला आणि क्षणात स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत आल्याचा, भोंगा वाजू लागला. पंखांनाही काट्याप्रमाणेच हवेचा दाब कळतो, जमिनीवरचा वेग नव्हे, हे तेव्हा उमगले. दुसऱ्या खेपेस काटा ६५ वरच धरून ठेवला. धावपट्टी दाबोळीपेक्षा बरीच अधिक खाल्ली, पण विमान सरळ थांबले.