‘मरण्याआधी एकदा...’ : भिंतीची नोंद, आठवडा ३

आमच्या सोसायटीच्या एका भिंतीचा फळा करतोय, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मरण्याआधीची एखादी इच्छा त्यावर खडूने लिहावी म्हणून. मागच्या वेळी प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापर्यंत आलो होतो. आता फळ्याच्या काळ्या रंगाचे दोन हात झालेत. तीन दिवस वाळू दिलं, मग खडू आडवा धरून अख्खी भिंत पांढरी केली आणि कोरड्या फडक्याने पुसली. हे टाळलंत तर पहिल्यांदा लिहिलेलं कायमचं पुसट दिसत राहतं. माझ्या नमुन्याच्या प्लायवर ‘टेस्ट’ अजून वाचता येतंय.

मूळ कल्पना कलाकार कँडी चँग यांची. जवळचं माणूस गेल्यावर २०११ साली त्यांनी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या एका पडक्या घराच्या भिंतीचा फळा केला आणि ‘मरण्याआधी मला...’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य स्टेन्सिलने (अक्षरं कापलेल्या साच्याने) ओळीओळीने छापून पुढे रेघ सोडली. दुसऱ्या दिवशी भिंत भरलेली. एकाने तर चक्क चाचेगिरीच्या आरोपाखाली खटला चालावा असं लिहिलं, तेही चाच्याच्या वेशात येऊन!

इंग्रजीत रिकामी जागा आपसूक शेवटी येते. मराठीत ‘मरण्याआधी मला ____ आहे’ केलं, तर लांब इच्छा ‘आहे’वर जाऊन आदळते. म्हणून ‘मला’ आणि ‘आहे’ दोन्ही काढले, ‘एकदा’ ठेवलं. आता कसंही पुरं करा.

खरा घाम काढला स्टेन्सिलने. शिरोरेषेमुळे म, ण, य यांची पोटं बंद होतात आणि कापल्यावर गळून पडतात. ती धरून ठेवायला मध्ये बारीक पट्ट्या, म्हणजे जोडपूल ठेवले तर अक्षरं खोक्यावरच्या छापासारखी दिसली. शेवटी शिरोरेषाच कापली नाही. अक्षरं स्पंजने टिपली, मग वर-खाली मास्किंग टेप लावून रेघ ब्रशने ओढली. ‘म’ची गाठ भरीव ठेवली. रेघ पुढे रिकाम्या जागेवरही नेली, म्हणजे लोकांनी त्या दोरीवर अक्षरं वाळत घालावीत. निम्म्या लोकांनी रेघेच्या वर लिहिलं. असो.

भिंत आमच्या सोसायटीच्या मीटर रूमची, ८ बाय ६ फूट, दोन रकाने, २४ ओळी. “येता-जाता मरण कशाला दाखवता? ‘जगताना एकदा’ करा की,” असं चेअरमनकाका म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खडू हातात घेऊन उभ्याच होत्या. “माझं वय बघ आणि मग बोल,” म्हणाल्या, आणि लिहिलं: समुद्रात गळ्यापर्यंत.

शनिवारी १९ ओळी भरल्या. पायी वारी, बुलेट, आईच्या हातची पुरणपोळी (आई नाही, हे घरच्यांनी नंतर सांगितलं). रविवारी सकाळी त्यातली डावीकडची सातवी ओळ पुसलेली. डस्टर शेजारी लटकत होतं, तरी तळहाताने. बोटांचे फराटे स्पष्ट दिसतात. फोटो काढायचा राहिला होता, त्यामुळे तिथे काय होतं कळायला मार्ग नाही. बाकीच्या ओळी नंतर ओल्या फडक्याने साफ केल्या, ही मात्र तशीच ठेवली आहे.

पावसाळ्याआधी वर पत्र्याची पन्हळ लावायची आहे. खालची वीतभर पट्टी ओलीने फुगतेय. कुणी चुन्याच्या भिंतीवर हा रंग टिकवला असेल तर सांगा.