आठ महिन्यांनी क्रिस्टल आला, तोही भलत्याचाच

माझ्या प्रोटीनचे क्रिस्टल मिळावेत म्हणून आठ महिने ट्रे, म्हणजे छोट्या खळग्यांच्या थाळ्या, लावत होतो. रोज मायक्रोस्कोपखाली तेच, कधी ढगाळ थेंब, कधी नुसतं मीठ, आणि मग एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, चक्क काचेच्या कणीसारखे लखलखीत क्रिस्टल दिसले, सुई लावली तर लगेच भुगा झाला, म्हणजे मीठ नाही, प्रोटीनच! लॅबमध्ये पेढे वाटून झाले.

क्रिस्टलवर एक्स-रे सोडून डेटा आला, युनिट सेलचे (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्याचे) आकडे डेटाबेसमध्ये टाकले आणि पोटात गोळा आला. एमबीपी. म्हणजे माल्टोज बाइंडिंग प्रोटीन. म्हणजे माझं प्रोटीन नाहीच, त्याला जोडलेलं शेपूट, टॅग!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमबीपी हे ई. कोलाय या जिवाणूचं स्वतःचं प्रोटीन, ३७० अमिनो आम्लांचं, दोन पडद्यांमधल्या जागेत फिरत माल्टोज ही साखर पकडायची आणि आतल्या पडद्यातल्या ट्रान्सपोर्टरकडे पोचवायची एवढंच त्याचं काम. आपण ते टॅग म्हणून जोडतो कारण ते बरोबर असलं की हट्टी प्रोटीनसुद्धा बऱ्याचदा विरघळलेलं राहतं, शिवाय अमायलोज (साखरेची लांब साखळी) भरलेल्या कॉलमला, म्हणजे गाळणीच्या नळीला, चिकटतं आणि १० मिलिमोलर माल्टोज ओतलं की सुटतं. मग टीईव्ही या कापणाऱ्या एन्झाइमनं टॅग कापायचा, पुन्हा त्याच कॉलममधून सोडायचं, टॅग अडकतो आणि आपलं प्रोटीन खाली येतं. कागदावर.

चिडचिड बाजूला ठेवून मॅप, म्हणजे डेटावरून काढलेला प्रोटीनच्या आकाराचा नकाशा, उघडला. दोन लोब, मधे खोल खाच, आणि खाचेत दोन कड्या जोडल्यासारखा ठसठशीत ठिपका. माल्टोज! तिथंच सगळं कळलं. ह्यूस्टनच्या क्विओचो यांच्या लॅबनं १९९१-९२ मध्ये याची साखर धरलेली आणि रिकामी अशी दोन्ही रूपं छापली होती, ती पायमॉलमध्ये (प्रोटीनचे आकार दाखवणारं सॉफ्टवेअर) एकावर एक ठेवली तर दिसतं की साखर आली की दोन्ही लोब साधारण ३५ अंशांनी मिटतात, शिंपल्यासारखे. आत ट्रिप्टोफॅनच्या सपाट कड्या साखरेच्या कड्यांना अशा चिकटून बसतात की पोळ्यांची चळत आठवते, आणि बाजूनं हायड्रोजन बंधांचं जाळं.

आता तोंडात आधीच माल्टोज धरून बसलेलं एमबीपी दुसऱ्यांदा अमायलोज कशाला पकडेल? मी पहिल्या कॉलमनंतर एक रात्र डायलिसिस केलं (पातळ पडद्याच्या पिशवीतून छोटे रेणू बाहेर जाऊ दिले), माल्टोज गेलं असेल असं धरून चाललो, आणि कापलेला टॅग माझ्या प्रोटीनबरोबर आरामात वाहत खाली आला. प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर टॅगच्या उंचीला फिकट बँड होताही, मी म्हटलं असू दे. एमबीपी तसं क्रिस्टल व्हायला फार आढेवेढे घेत नाही, माझं पोर मात्र...

गाईडना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "अरे, मॅन्युअल वाचतो का कोणी?" लिहिलेलं असतं त्यात, दुसऱ्या अमायलोजच्या आधी माल्टोज नीट काढा म्हणून.

सोमवारी नवीन प्रेप आहे. टॅग कापून झाला की आधी आयन एक्स्चेंज (विद्युतभारामुळे प्रोटीन धरून ठेवणारा कॉलम), तिथंच माल्टोज भरपूर धुवायचं, मग अमायलोज. आणि फिकट बँड दिसला तर ट्रे लावायचाच नाही. उरलेले पेढे फ्रिजमध्ये आहेत, प्रोटीनच्या नाही, खायच्या.