तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हेरेडिटरी’ने माझी निराशा का केली

भयपटांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, ‘हेरेडिटरी पाहिलात ना?’ हो म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो. माझी निराशा झाली असं सांगितलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘का? भीती नाही वाटली?’ वाटली, चांगलीच वाटली. निराशेचं मूळ त्या भीतीतच आहे आणि ते दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. शेवट सांगितल्याशिवाय हे बोलणं शक्य नाही, तेव्हा ज्यांना सिनेमा पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहून घ्यावा.

आरी ॲस्टर या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारी 2018 मध्ये सनडान्स महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. जूनमध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागेपर्यंत समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. ‘एक्झॉर्सिस्ट’ या जुन्या गाजलेल्या भयपटाचं नाव घेत जाहिरातींत ‘नव्या पिढीचा एक्झॉर्सिस्ट’ असे शब्द झळकत होते. सुमारे 1 कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने जगभरात 8 कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या ‘सिनेमास्कोर’कडे त्याला मिळालेली श्रेणी होती ‘डी प्लस’. या नापसंतीशी माझं मत जोडू नका. सिनेमा संथ आहे, दचकवत नाही, ही तक्रार मला मुळीच मान्य नाही. त्याचा संथपणा ही त्याची ताकद आहे.

आणि ताकद खरोखर मोठी आहे. ॲनी ग्रॅहम ही लघुप्रतिकृती बनवणारी कलावंत. अगदी सुरुवातीला कॅमेरा तिच्या कार्यशाळेतल्या एका छोट्या घराकडे सरकत जातो, त्यातल्या एका खोलीत शिरतो, आणि बघता बघता ती खोली खरी होते. पलंगावर मुलगा झोपलेला असतो, बाप दार उघडून त्याला उठवायला येतो. एकही शब्द न उच्चारता आपल्याला कळतं की या घराकडे कुणीतरी वरून पाहतं आहे. त्या दिवशी ॲनीच्या आईचा, एलनचा, अंत्यविधी असतो. पुढे कॉलिन स्टेटसनचं संगीत कुठून तरी खोलातून घुमत राहतं, आणि ॲनीची तेरा वर्षांची मुलगी चार्ली जिभेने जो ‘टक्’ आवाज काढते तो घरात कुठेही ऐकू आला तरी अंग शहारतं.

शोकात असलेल्या माणसांच्या एका गटात ॲनी पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा तिच्या घराण्याचा इतिहास बाहेर येतो. वडिलांनी अन्न सोडून जीव दिला. स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाने सोळाव्या वर्षी गळफास घेतला आणि चिठ्ठीत आईवर आरोप केला की ती माझ्या आत माणसं घालू पाहते. आईलाही मानसिक आजार होता. पुढे कळतं की ॲनी स्वतः झोपेत चालते. एकदा जाग आली तेव्हा तिच्या आणि दोन्ही मुलांच्या अंगावर थिनर ओतलेलं होतं आणि तिच्या हातात काडी पेटलेली होती. ॲनीची भूमिका करणारी टोनी कोलेट हे सगळं ज्या घाईने सांगते, त्यातून एकच प्रश्न जाणवत राहतो: आईच्या घराण्यात जे होतं ते माझ्यात उतरलं असेल का? माझ्यापासून माझ्या मुलांना धोका आहे का? ज्या घरात असा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथल्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. मी पाहिलेल्या कुठल्याच भयपटाने त्याला इतक्या जवळून हात घातला नव्हता.

मग तो अपघात. ॲनीच्या सोळा वर्षांच्या मुलाला, पीटरला, पार्टीला जायचं असतं, आणि ॲनी चार्लीला बळेच त्याच्याबरोबर पाठवते. चार्लीला जायचं नसतं. तिथे पीटर एका मुलीच्या नादात गांजा ओढत बसतो, बहिणीकडे दुर्लक्ष करतो, आणि ती अक्रोड घातलेला केक खाते. तिला त्याची ॲलर्जी आहे. श्वास कोंडतो, पीटर तिला घेऊन गाडी भरधाव सोडतो, हवेसाठी ती खिडकीतून डोकं बाहेर काढते, रस्त्यात मेलेलं जनावर येतं, गाडी वळते, खांब. पीटर मागे वळून पाहत नाही. घरी येतो आणि अंथरुणात पडून राहतो. सकाळी गाडीकडे गेलेल्या आईची किंकाळी आपल्याला ऐकू येते, पण पडद्यावर पीटरचा चेहराच असतो आणि तो हटत नाही. ॲलेक्स वुल्फ या नटाने तिथे जवळजवळ काहीच केलेलं नाही, आणि त्याहून योग्य काही करता आलंही नसतं.

या प्रसंगातली दहशत कशात आहे ते नीट पाहा. आईचा हट्ट, मुलाचा निष्काळजीपणा, केक, खिडकी, वाटेत पडलेलं जनावर. यातली एकही गोष्ट दुष्ट नाही. प्रत्येक ठिकाणी एवढंसं काही वेगळं झालं असतं तर पोरगी वाचली असती. म्हणून पुढे जेवणाच्या टेबलावर आई आणि मुलगा एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा बघवत नाही. ॲनी मुलाला सुनावते की तू कधी काही कबूलच करत नाहीस. आणि तो उलट विचारतो की चार्लीला जायचंच नव्हतं, मग ती तिथे का होती? माझ्या मते हा सबंध सिनेमातला सर्वांत भयंकर क्षण आहे. प्रश्न रास्त आहे, उत्तर दोघांना माहीत आहे, आणि त्या उत्तरासह दोघांना एकाच छताखाली जगायचं आहे.

आता सिनेमाने स्वतः त्या प्रश्नाचं काय केलं ते पाहा. उत्तरार्धात कळतं की ॲनीची आई एलन एका पंथाची म्होरकी होती. पायमन नावाच्या सैतानी राजाला माणसाचं शरीर मिळवून द्यायचं हे त्या पंथाचं काम. त्याला पुरुषदेह हवा असतो, म्हणून आधी ॲनीच्या भावावर प्रयोग झाला, मग चार्ली तात्पुरती सोय ठरली, आणि शेवटी पीटर. शोकगटात भेटलेली प्रेमळ जोनसुद्धा त्यांच्यातलीच. पार्टीला जाताना गाडी ज्या खांबाजवळून जाते त्यावर पंथाचं चिन्ह कोरलेलं असतं.

सिनेमाचे चाहते याच चिन्हाकडे कौतुकाने बोट दाखवतात. दुसऱ्यांदा पाहा, म्हणतात, सगळं पहिल्यापासून पेरलेलं आहे. पेरलेलं आहे हे मलाही दिसतं, आणि माझा आक्षेप नेमका त्यावरच आहे. असा प्रत्येक दुवा सापडला की पीटरच्या खांद्यावरचं ओझं थोडं कमी होतं. अपघात हा अपघात राहत नाही, तो कार्यक्रमपत्रिकेतला एक विधी होतो. ‘ती तिथे का होती?’ या प्रश्नाने माझा जीव गुदमरला होता, आणि सिनेमा मला सांगतो की हे सगळं ठरलेलंच होतं. म्हणजे टेबलावरच्या त्या दोघांनी एकमेकांना जे ऐकवलं त्याला काही अर्थच उरला नाही. दोघंही निर्दोष. भयपटाने मला इतक्या स्वस्तात सोडू नये.

भावाच्या बाबतीत तर मला हे फारच खटकतं. आई माझ्या आत माणसं घालते, असं म्हणत एक सोळा वर्षांचा मुलगा जीव देतो. ऐकताना आपण त्याच्या आजाराने हादरतो. शेवटी कळतं की तो शब्दशः खरं बोलत होता. मनोविकाराचा वारसा ही या सिनेमाने उभी केलेली सगळ्यात खरी भीती, आणि तिचा उपयोग शेवटी फक्त एक धागा जुळवण्यासाठी झाला. समीक्षकांनी मात्र ‘दुःखावरचा, वारशावरचा भयपट’ म्हणून याचं कौतुक केलं. पूर्वार्धासाठी मीही करीन. पण कथा जिथे जाऊन थांबते तिथे ना दुःख उरतं ना वारसा, फक्त एक यशस्वी झालेला कट उरतो.

यावर बचाव असा केला जातो की ही शोकांतिका आहे, माणूस नियतीच्या हातचं बाहुलं आहे हेच तर सांगायचं आहे. सिनेमात वर्गातला एक प्रसंगही त्यासाठी आहे. शिक्षक ग्रीक वीर हेरॅक्लीसच्या शोकांतिकेबद्दल विचारतात, आणि चर्चा अशी वळते की माणसांना कधी पर्यायच नव्हता हे जास्त शोकात्म आहे. मला हे पटत नाही. ग्रीक नाटकातल्या ईडिपसचं भविष्य आधीच सांगितलेलं आहे, पण सत्य खणून काढण्याचा हट्ट त्याचा आहे. थांब म्हणणाऱ्यांना तो जुमानत नाही. कर्णाचा शेवट आपल्याला ठाऊक असतो, तरी कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगून पांडवांकडे बोलावतो तेव्हा नाही म्हणणारा कर्णच असतो. नियती अटळ असेना, तिच्या वाटेवर माणसाने उचललेलं एखादं पाऊल त्याचं स्वतःचं असावं लागतं. ते नसेल तर आपण फक्त नासधूस पाहतो.

तसं एक पाऊल या सिनेमात आहे. चार्लीची चित्रांची वही जाळली तर पीटर वाचेल, पण आपणही जळू, असं ॲनीला वाटत असतं, कारण आधी एकदा वही आगीत टाकताच तिच्या बाहीने पेट घेतलेला असतो. तरी मुलाला वाचवण्यासाठी ती जळायला तयार होते. नवऱ्याला विनवते, तो ऐकत नाही, तेव्हा वही हिसकावून स्वतःच आगीत फेकते. पेट घेतो तो नवरा. आणि पुढच्याच क्षणी ॲनीचा चेहरा कोरा होतो, तिचा ताबा गेलेला असतो. मुलांना आपल्यापासून धोका आहे या भीतीत आयुष्य काढलेल्या बाईने केलेला हा एकमेव त्याग, आणि कथेला तो नवरा वाटेतून दूर करण्यापुरताच हवा होता. त्यानंतर छताला चिकटलेली आई, बिनडोक्याची प्रेतं, अंधारात हसणारे नागडे लोक, हे सगळं मी पाहिलं, पण आतून काही हललं नाही.

‘एक्झॉर्सिस्ट’चं नाव जाहिरातीनेच घेतलं होतं, म्हणून ती तुलनाही करते. 1973 च्या त्या चित्रपटाला ऑस्करची 10 नामांकनं होती, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. त्यातला सैतान सुरुवातीपासून उघड आहे, संदिग्धता फारशी नाहीच. तरी शेवट काळजाला भिडतो, कारण आई एकटी मेली या अपराधभावाने पोखरलेला धर्मगुरू फादर कॅरस सैतानाला स्वतःच्या देहात बोलावतो आणि खिडकीतून उडी घेतो. ‘हेरेडिटरी’तही शेवटी पीटर खिडकीतून उडी मारतो. पण तो जीव वाचवायला पळतो आहे, आणि खाली पडलेल्या त्याच्या देहात पायमन आपसूक शिरतो. मग तो झाडावरच्या खोलीत जातो, तिथे त्याला मुकुट चढवला जातो आणि जोन सगळा खुलासा बोलून दाखवते. इतकं संयत, आवाजाने आणि शांततेने घडवलेलं काम, आणि शेवटी एका पात्राला उभं करून कथेचं तात्पर्य सांगायला लावायचं! मला खरोखर वाईट वाटलं.

टोनी कोलेटला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं नाही, हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. सिनेमाबद्दलच्या माझ्या रागाचा तिच्या कामाशी संबंध नाही. उलट तिने ॲनीला इतकं खरं केलं नसतं, तर तिच्यावर आणलेला शेवट मला एवढा लागलाही नसता.

हे सगळं ऐकल्यावर बरेच जण विचारतात की मग पाहावा की नाही. पाहावा, आणि त्यानंतर याच दिग्दर्शकाचा 2019 चा ‘मिडसमर’ही पाहावा. तिथेही पंथ आहे, सगळं आधीपासून आखलेलं आहे, शोकात बुडालेली मुलगी आहे. पण शेवटी बळी कुणाचा द्यायचा हे डानीला विचारलं जातं, आणि ती आपल्या प्रियकराचं नाव निवडते. ‘हेरेडिटरी’इतकं कौतुक ‘मिडसमर’च्या वाट्याला आलं नाही, पण तिच्या त्या निवडीचा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.