मॅगझीनचे पाऊच आणि माझी कंबर

मी बोटीवर असतो, सहा महिने बाहेर आणि सहा महिने डिचोलीत. आमच्या क्रूमधल्या फिलिपिनो पोरांना प्रॅक्टिकल शूटिंगचं, म्हणजे पळता पळता घड्याळाविरुद्ध नेम मारायच्या खेळाचं भारी वेड, त्यांच्या नादाने मनिलाला सेफ्टी कोर्स केला आणि क्लबाचंच पिस्तूल घेऊन तिथल्या छोट्या मॅचला नाव दिलं. आयपीएससीचे, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम, आणि गट प्रोडक्शन डिव्हिजन, म्हणजे साध्या पिस्तुलांचा. नेम बरा होता हो, घोळ झाला तो पट्ट्यावर.

झालं असं की मी आधी मोबाईलवर व्हिडिओ बघून पट्ट्यावर जादा मॅगझीन (पिस्तुलात घालायची गोळ्यांची पेटी) ठेवायचे पाऊच लावले होते, पहिला अगदी बकलच्या शेजारी, हात पटकन जातो म्हणून. ते व्हिडिओ ओपन डिव्हिजनवाल्यांचे, म्हणजे पिस्तुलात हवे ते बदल करायची मुभा असलेल्या गटाचे होते हे कुठे माहीत! ओपनमध्ये चालतं ते. प्रोडक्शनमध्ये पिस्तूल आणि स्पेअर मॅगझीन सगळं कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाच्या मागेच पाहिजे, वर अंगापासून ५० मिलिमीटरपेक्षा जास्त लांब नको. रेंज ऑफिसरने, म्हणजे तिथल्या पंचाने मला ताठ उभं केलं, माझंच बोट धरून माझ्याच हाडावर टेकवलं आणि हसला. स्टेज, म्हणजे मॅचमधली एक फेरी सुरू व्हायच्या आधी सापडलं म्हणून नुसतं सरकवून भागलं, नाहीतर थेट ओपनमध्ये टाकतात, म्हणजे समोरचे पिस्तुलावर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच) लावून आलेले आणि आपण साधी माशी-खाच घेऊन.

आता वाटेल एवढी मॅगझीन लागतातच कशाला. प्रोडक्शनमध्ये एका मॅगझीनला १५ गोळ्यांची मर्यादा आणि लाँग कोर्स, म्हणजे सगळ्यात मोठी स्टेज, ३२ गोळ्यांपर्यंत असतो, म्हणजे एकही चुकली नाही तरी तीन मॅगझीन हवीच. त्यात पळता पळता अर्धवट भरलेलं टाकून नवीन चढवायचं असतं, आणि एखादं हातातून निसटतंच, म्हणून मी पट्ट्यावर चार ठेवतो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा सराव करायचा होता, पण खरं मॅगझीन इकडे आणायचा प्रश्नच नाही, बंदुकीचा पार्ट तो, विमानतळावर कोण भानगड करून घेणार. मग आमच्या वाड्यावरच्या मेस्तकडे गेलो. कागदावर माप काढून दिलं तर म्हणतो, "हे कसलं रे बाबा, दाराचा अडसर?" फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे केले त्याने, खालून भोक पाडून म्हापशाच्या बाजारातून आणलेली जाळ्याची शिशं आत भरली, कारण भरलेलं मॅगझीन पाव किलोच्या आसपास जातं आणि हलक्या लाकडाने हाताला खोटी सवय लागते.

रोज संध्याकाळी अंगणात ठोकळा उपसायचा, टाकायचा, परत उपसायचा. आई पायरीवरून बघायची, "आता तरी लागलं का कंबरेला?" लागलं नव्हतं. कारण मध्ये चवथ आली, नेवऱ्या-पातोळ्यांनी पोट सुटलं, पट्टा खाली घसरला आणि हाडाचं टोकच सापडेना, मागच्या पाऊचपर्यंत हात पोटाला वळसा घालून जायला लागला. शरीराच्या ठेवणीमुळे जमत नसेल तर रेंज मास्टर, म्हणजे मुख्य पंच, थोडी सवलत देऊ शकतो असं नियमात आहे खरं, पण नेवऱ्यांचं पोट त्यात धरतील असं काय मला वाटत नाही. शेवटी पेनने हाडावर खूण करून पट्टा बांधायला लागलो, ही युक्ती मात्र खरंच कामाची.

पुढच्या मॅचला तपासणीत एका मिनिटात सुटलो. पण एका स्टेजला मॅगझीन टेबलावर ठेवायला सांगितलेली, आणि मी टायमरचा बीप वाजल्यावर ती उचलून प्रामाणिकपणे एकेक करत मागच्या पाऊचमध्ये खोचत बसलो. टेबलावरून उचललेली मॅगझीन सुरुवातीच्या सिग्नलनंतर कुठेही ठेवली तरी चालतात, पुढच्या खिशात कोंबली तरी कोण विचारत नाही, हे मला स्टेज संपल्यावर माझ्याच बोटीवरच्या कुकने सांगितलं, तोपर्यंत सात-आठ सेकंद गेलेले.