एडिटरच्या आतले शेल

नऊ वर्षांपूर्वी सी भाषेतल्या एका सर्व्हर प्रोग्रामने मला १९ दिवस वाट पाहायला लावली. तो २०० हून अधिक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, चालवत असे आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा कोणतेही कारण न दाखवता कोसळत असे. ज्या यंत्रावर तो चालत होता त्याची डिस्क इतकी लहान होती की कोअर डंप, म्हणजे कोसळतानाच्या मेमरीची प्रत, लिहिणे बंद ठेवावे लागले होते. म्हणून मी एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाण्याच्या सोयीने, तिथे लॉगिन करून चालत्या प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) जीडीबी हा डीबगर, म्हणजे चूक शोधण्याचे साधन, जोडला आणि वाट पाहत बसलो. प्रोग्राम कोसळला, जीडीबीने त्याला जागच्या जागी धरून ठेवले आणि मी सगळ्या थ्रेडांचा बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी, मागितला. हजारो ओळी डोळ्यांसमोरून वर सरकत गेल्या. माझ्या टर्मिनलच्या, म्हणजे कमांड लिहिण्याच्या, खिडकीत मागच्या १,००० ओळीच शिल्लक राहतात, हे मला त्या वेळी समजले. बॅकट्रेस पुन्हा मागावा म्हणून हात कीबोर्डवर नेला, तोच नेटवर्क तुटले आणि तुटलेल्या लॉगिनबरोबर जीडीबीही संपला. हाती उरलेल्या ओळींत मला हवा असलेला थ्रेड नव्हता. त्यानंतर प्रोग्राम पुन्हा कोसळला तो १९ दिवसांनी.

या मधल्या काळात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले, "तू कोड ईमॅक्समध्ये लिहितोस, मग जीडीबी बाहेर कशाला चालवतोस?" मी सहा वर्षे ईमॅक्स हा एडिटर वापरत होतो, पण केवळ लिहिण्यासाठी. कमांड चालवायची झाली की मी टर्मिनलच्या खिडकीत जाई, तिथले आउटपुट माउसने उचलून एडिटरमध्ये आणून चिकटवी आणि हे असेच असते असे समजत असे. टर्मिनलमध्ये उमटलेला मजकूर हा आपला मजकूर नव्हे, तो सरकत जाणारा देखावा आहे, ही गोष्ट त्या प्रश्नापर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती.

ईमॅक्समध्ये मेटा-एक्स (बहुधा ऑल्ट आणि एक्स) दाबून 'शेल' असे लिहिले की एका बफरात, म्हणजे ईमॅक्सच्या मजकूर ठेवण्याच्या जागेत, शेल (कमांड घेऊन त्या चालवणारा प्रोग्राम) सुरू होते. त्यामागे कॉमिंट नावाचा थर आहे, जो ओलिन शिव्हर्स यांनी १९८८ मध्ये लिहिला. त्याची मूळ कल्पना अगदी साधी आहे. प्रोसेस जे काही लिहील ते बफराच्या शेवटी ओतायचे आणि एंटर दाबल्यावर, शेवटच्या आउटपुटपुढे वापरणाऱ्याने जे लिहिले असेल ते प्रोसेसकडे पाठवायचे. त्यापलीकडचा सगळा बफर हा नेहमीचा मजकूर असतो. त्यात शोध घेता येतो, ओळी खोडता येतात, मध्येच स्वतःची टीप लिहिता येते आणि शेवटी तो फाइल म्हणून जपून ठेवता येतो. आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय ईमॅक्स जुन्या ओळी टाकून देत नाही. दुपारी चालवलेली एखादी कमांड संध्याकाळी पुन्हा हवी असेल तर वर त्या ओळीवर जाऊन एंटर दाबावे. ती ओळ खाली उतरवली जाते आणि पुन्हा चालते. कंट्रोल-सी कंट्रोल-ओ दाबले की मागच्या कमांडचे आउटपुट पुसले जाऊन त्या जागी ते पुसल्याची एका ओळीची नोंद राहते, त्यामुळे चुकून मागवलेल्या दहा हजार ओळी बफरातून निघून जातात, पण कमांड काय होती हे दिसत राहते. पासवर्ड विचारणारी ओळ कॉमिंट ओळखतो आणि पासवर्ड वेगळा, न दाखवता विचारून घेतो. जिथे सगळेच लिखित स्वरूपात टिकून राहते तिथे ही काळजी घेतलेली असणे फार महत्त्वाचे आहे.

कॉमिंटची खरी श्रीमंती अशी की तो शेलपुरता नाही. पायथनचा प्रॉम्प्ट (कमांड लिहिण्याची जागा दाखवणारी खूण), एसक्यूएलचा प्रॉम्प्ट आणि जीडीबीचा प्रॉम्प्ट हे सगळे त्याच्यावरच उभे आहेत, त्यामुळे मागची कमांड आणण्याच्या, आउटपुट पुसण्याच्या आणि प्रॉम्प्टवरून प्रॉम्प्टवर उडी मारण्याच्या कळा सगळीकडे त्याच राहतात. बोटांना एकदा शिकवले की पुरते.

या बफराची मर्यादाही स्पष्ट आहे. तो टर्मिनल नाही, आणि तसे तो आतल्या प्रोग्रामला सांगतोही: टर्म या व्हेरिएबलची किंमत तिथे 'डंब' अशी असते. म्हणून स्क्रीनभर चित्र मांडणारे प्रोग्राम, म्हणजे प्रोसेसची यादी दाखवणारा टॉप किंवा व्हिम हा एडिटर, तिथे चालत नाहीत, आणि पानापानाने मजकूर दाखवणारा लेस सुरुवातीलाच टर्मिनल अपुरे असल्याची तक्रार करतो. त्यांच्यासाठी ईमॅक्सचा स्वतःचा टर्म मोड आहे आणि लिबव्हीटर्म लायब्ररीवर बांधलेले व्हीटर्म हे पॅकेज आहे. जॉन विग्ली यांनी लिहिलेले ईशेल पूर्णपणे ईमॅक्स लिस्पमध्ये आहे, त्यामुळे ते युनिक्सचे शेल नसलेल्या विंडोजवरही चालते. मी टॉपसाठी व्हीटर्म ठेवतो आणि बाकीचा सगळा दिवस साध्या शेल बफरात काढतो. चित्र मांडणाऱ्या प्रोग्रामांची गरज मला वाटत होती त्यापेक्षा फार कमी निघाली.

मराठी मजकुराशी काम करणाऱ्यांना या फरकाचा आणखी एक अनुभव येईल. टर्मिनल एमुलेटर पडद्याला चौकटींत विभागतात आणि प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत बसवू पाहतात. देवनागरीतली जोडाक्षरे आणि वेलांट्या त्या चौकटींत मावत नाहीत, म्हणून अनेक टर्मिनलांत 'क्षेत्र' किंवा 'र्‍हस्व' असे शब्द विस्कटून दिसतात. शेल बफर मात्र ईमॅक्सच्या इतर कोणत्याही बफरासारखाच रेखाटला जातो आणि २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून त्यासाठी अक्षरे जोडून त्यांना आकार देणारी हार्फबझ ही लायब्ररी वापरता येते. मराठी फाइलींवर ग्रेप ही मजकूर शोधणारी कमांड चालवली की सापडलेल्या ओळी तिथे छापील पुस्तकासारख्या नीट वाचता येतात. मला हे फार मोलाचे वाटते.

आता डीबगरकडे वळतो, कारण माझा जीव तिथेच अडकलेला आहे. ईमॅक्समध्ये जीयूडी नावाचा एक भाग आहे, ज्याचे पूर्ण नाव 'ग्रँड युनिफाइड डीबगर' असे आहे. तो एरिक रेमंड यांनी १९९२ च्या सुमारास लिहिला आणि जीडीबी, पर्लचा डीबगर, पायथनचा पीडीबी अशा वेगवेगळ्या डीबगरांना एकसारख्या कळा दिल्या. तो कसा चालतो हे समजल्यावर मला त्याच्याविषयी आदर वाटला. जीडीबी सुरू करताना त्याला 'फुलनेम' हा पर्याय दिला की प्रोग्राम थांबताच तो दोन कंट्रोल-झेड अक्षरे छापतो आणि त्यांच्यापुढे फाइलचे संपूर्ण नाव, ओळीचा क्रमांक आणि अक्षराची जागा कोलनने जोडून लिहितो. ईमॅक्स आउटपुटमधून ही खूण उचलून घेतो, ती फाइल शेजारी उघडतो आणि त्या ओळीसमोर बाण उभा करतो. पीडीबीच्या बाबतीत तर असा खास पर्यायही लागत नाही. तो थांबल्यावर जी ओळ छापतो तिच्यातच फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, आणि तेवढे ओळखणारे एक रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ओळखण्याचा साचा) पुरेसे होते. दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते केवळ मजकुरातून, आणि तोच मजकूर माणसालाही वाचता येतो.

आजचे मेटा-एक्स जीडीबी याहून पुढे गेलेले आहे. ते जीडीबीशी एमआय या यंत्रासाठी आखलेल्या बोलीत बोलते आणि 'मेनी विंडोज' हा पर्याय चालू केला की पडदा सहा भागांत विभागून जीडीबीचा प्रॉम्प्ट, स्थानिक व्हेरिएबल, सोर्स, प्रोग्रामचे आउटपुट, स्टॅक (एकमेकांना बोलावलेल्या फंक्शनांची रास) आणि ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या जागा) एकदम दाखवते. नवीन कोड समजून घेताना मी ते वापरतो. पण ज्या चुका खरोखर छळतात त्यांच्यासाठी मला एकच लांबलचक बफर अधिक उपयोगी पडतो, आणि त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे.

समजा एखादा प्रोग्राम एका इनपुटवर बरोबर चालतो आणि दुसऱ्यावर चुकतो. मी एका फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावतो आणि त्याला कमांड जोडतो की प्रत्येक वेळी ही तीन व्हेरिएबल छाप, तीन पायऱ्यांचा बॅकट्रेस दे आणि पुढे चल. असे दोन्ही इनपुट दोन वेगवेगळ्या जीडीबी बफरांत चालवले की दोन लांब प्रती तयार होतात. त्यांतले मेमरीचे पत्ते प्रत्येक धावेत जुळतीलच असे नाही, विशेषतः आधीच चालू असलेल्या प्रोसेसला जीडीबी जोडला असेल तेव्हा ते जुळत नाहीत. म्हणून मी दोन्ही बफरांच्या प्रती काढून, शून्य-एक्सने सुरू होणारा प्रत्येक पत्ता रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधून त्याच्या जागी 'पत्ता' हा एकच शब्द घालतो. मग दोन्ही प्रती, त्यांतला फरक दाखवणाऱ्या ईमॅक्सच्या ईडिफला देतो. पहिला फरक जिथे दिसतो तिथे प्रोग्रामने वाट सोडलेली असते. टर्मिनलमध्ये हे करणे अशक्य नाही. आउटपुट फाइलींत वळवून, त्या फाइली मजकूर बदलणाऱ्या सेडमधून काढून फरक दाखवणाऱ्या डिफला देता येतात. पण त्यासाठी आपल्याला काय लागणार आहे हे आधी ठाऊक असावे लागते, आणि चूक शोधताना नेमके तेच ठाऊक नसते. बफरात सगळे आधीच लिहिलेले असते, त्यामुळे प्रश्न मागाहून सुचला तरी चालतो.

राहिले दूरचे यंत्र. एसएसएच येण्याआधी ही गरज आरलॉगिनने भागवली जात असे आणि ईमॅक्समध्ये आरलॉगिनसाठी कॉमिंटवर उभा असलेला एक मोड आजही आहे. दूरच्या फाइलींसाठी एफटीपीवर चालणारा अँज-एफटीपी होता. १९९८ मध्ये काय ग्रोसयोहान यांनी दूरच्या फाइली उघडून देणाऱ्या ट्रॅम्पचे काम सुरू केले आणि २००७ च्या २२ व्या आवृत्तीपासून तो ईमॅक्सबरोबरच येऊ लागला. फाइलच्या नावाआधी एसएसएच, वापरणाऱ्याचे नाव आणि यंत्राचे नाव लिहिले की दूरची फाइल जवळच्यासारखी उघडते. आत काय घडते ते असे: ट्रॅम्प त्या यंत्रावर लॉगिन करतो, तिथले साधे शेल मिळवतो आणि माणसाने कराव्यात तशाच कमांड त्याला देतो, लहान फाइल तो बहुधा बेस६४ मध्ये (साध्या अक्षरांत) रूपांतरित करून त्याच जोडणीवरून आणतो. दूरच्या यंत्रावर ईमॅक्सचा कोणताही भाग बसवावा लागत नाही. व्हीएस कोड या एडिटरची रिमोट-एसएसएच पद्धत समोरच्या यंत्रावर आपला सर्व्हर बसवते, जो वेगवान आहे, पण जुन्या लिनक्सवर चालेलच असे नाही. ग्राहकाच्या ज्या यंत्रावर काहीही बसवण्याची परवानगी नसते तिथे केवळ शेलवर भागवणाऱ्या ट्रॅम्पचे महत्त्व कळते.

ट्रॅम्पचा सगळ्यात सुंदर परिणाम फाइली उघडण्यात नाही. ईमॅक्समधल्या प्रत्येक बफराची स्वतःची एक डिरेक्टरी असते, आणि दूरची फाइल उघडली की त्या बफराची डिरेक्टरीही दूरचीच होते. तिथून मेटा-एक्स शेल म्हटले तर शेल त्या यंत्रावर सुरू होते, कंपाइल म्हटले तर कोडपासून प्रोग्राम बांधणारा मेक तिथे चालतो, आणि जीडीबी म्हटले तर जीडीबीही तिथेच सुरू होतो. बाण ज्या सोर्सवर उभा राहतो तो सोर्सही तिथूनच येतो. मध्ये एक दरवाजाचे यंत्र ओलांडून जायचे असेल तर दोन्ही नावे उभ्या रेघेने जोडून लिहावीत.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ट्रॅम्पला समोरच्या शेलचा प्रॉम्प्ट ओळखावा लागतो, त्यामुळे कोणी रंगीत, दोन ओळींचा, गिटची शाखा दाखवणारा प्रॉम्प्ट लावला असेल तर ट्रॅम्प तिथेच अडकून बसतो. त्या यंत्रावरच्या झेडएसएच या शेलच्या सेटिंगमध्ये, टर्मची किंमत 'डंब' असेल तर डॉलरचे चिन्ह आणि एक मोकळी जागा एवढाच प्रॉम्प्ट ठेव, असे लिहिले की ही तक्रार मिटते. संथ नेटवर्कवर, दूरच्या प्रत्येक फाइलसाठी होणारी व्हर्जन कंट्रोलची (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) तपासणी बंद करावी. मला सगळ्यात मोठा फरक त्याने जाणवला. आणि जोडणी मध्येच गोठली तर ईमॅक्सही काही काळ गोठतो. ही उणीव गंभीर आहे, आणि त्यामुळे मी दूरच्या लांब कामांसाठी दुसरा ईमॅक्स वेगळा उघडून ठेवतो.

त्या १९ दिवसांनंतर मी तयार होतो. दूरच्या यंत्रावरची सोर्स फाइल ट्रॅम्पने उघडली, तिथून साधा जीयूडी-जीडीबी सुरू केला, कारण इतक्या थ्रेडांपुढे सहा खिडक्यांचा उपयोग नव्हता, आणि चालत्या प्रोसेसला जोडला. जीडीबीचे पानापानाने थांबणे बंद केले. प्रोग्राम कोसळल्यावर सगळ्या थ्रेडांचा बॅकट्रेस मागितला आणि ६,००० च्या वर ओळी बफरात येऊन स्थिरावल्या. ज्या थ्रेडमध्ये प्रोग्राम कोसळला होता त्यातला एका स्ट्रक्चरचा (मेमरीत एकत्र ठेवलेल्या माहितीचा) पत्ता मी 'ऑकर' या कमांडला दिला, आणि तो पत्ता असलेल्या सगळ्या ओळींची यादी समोर आली. ओळी दोनच थ्रेडांतल्या होत्या. एक कोसळलेला थ्रेड, आणि दुसरा ११८ व्या क्रमांकाचा, जो तेच स्ट्रक्चर मोकळे करणाऱ्या फंक्शनच्या आत उभा होता.

पुढच्या काही मिनिटांत नेटवर्क पुन्हा तुटले. मी बफर फाइलमध्ये जपून ठेवला आणि ती फाइल आजही माझ्याकडे आहे. तिच्या अगदी शेवटी जीडीबीची प्रोसेस संपल्याची ईमॅक्सने लिहिलेली एक ओळ आहे आणि तिच्या वर सगळा बॅकट्रेस जसाच्या तसा आहे.