‘ळ’ची स्वतंत्र कळ आणि माळ्यावरची वायर

गेल्या नोंदीच्या शेवटी दोन कामे अर्धवट राहिली होती. ६१ कळींचा कळफलक मराठी टंकलेखनासाठी लावून घ्यायचा होता, आणि हॉलमधल्या फायबरच्या डब्यापासून मागच्या खोलीतल्या टेबलापर्यंत वायर न्यायची होती. या पावसाळ्यात दोन्ही मार्गी लागली. मात्र दोन्हींमध्ये मी जिथे बिघाड शोधत बसलो होतो तिथे तो नव्हताच, आणि सांगण्यासारखे जे आहे ते त्या चुकांतच आहे, म्हणून या वेळची नोंद लांबणार आहे.

कळफलकाच्या यांत्रिक भागाबद्दल फार लिहीत नाही. कळींखालचे स्विच लिनिअर, म्हणजे दाबताना मध्ये टक न लागता सरळ खाली जाणारे आहेत. ते सगळे उघडून क्रायटॉक्स २०५जी० या वंगणाचा पातळ हात दिला, लांब कळी डगमगू नयेत म्हणून असलेल्या स्टॅबिलायझरच्या तारा सरळ करून त्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले, आणि स्पेसबारचा खडखडाट गेला. आपल्यापैकी पुष्कळांचा छंद या आवाजापाशी सुरू होतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. त्यात गैर काही नाही, पण जो माणूस रोज हजारभर शब्द मराठीत लिहितो, त्याच्या बोटांना आवाजापेक्षा अक्षर कुठल्या कळीवर आहे याचाच त्रास अधिक होतो, असे माझे आता स्पष्ट मत झाले आहे.

मी इनस्क्रिप्ट ही कळींची मांडणी वापरतो. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात असलेली ही मांडणी तर्काला धरून आहे: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. अडचण एवढीच की याच पद्धतीने ‘ळ’ हा ‘ल’च्या कळीवर आणि ‘ण’ हा ‘म’च्या कळीवर शिफ्टमागे जाऊन बसला आहे, आणि मराठीत या दोघांवाचून एक वाक्य पुरे होत नाही. ‘मिळाल्यामुळे’ हा एकच शब्द घ्या. सी, एफ, शिफ्ट-एन, ई, एन, डी, स्लॅश, ई, सी, जी, शिफ्ट-एन, एस असे बारा ठोके पडतात. त्यात एनची कळ तीनदा येते, दोनदा शिफ्टसह आणि एकदा शिफ्टविना. प्रत्येक ‘ळ’च्या वेळी डावी करंगळी शिफ्टवर जाते आणि लगेच त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला काना किंवा मात्रा द्यावी लागते. संध्याकाळपर्यंत करंगळीचे पेर दुखू लागते.

पहिला उपाय म्हणून क्यूएमके या फर्मवेअरमधली (कळफलकाच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रॅममधली) ‘ऑटो शिफ्ट’ ही सोय एनच्या कळीपुरती चालू केली. कळ पटकन दाबून सोडली तर साधे अक्षर आणि ठरावीक काळापेक्षा जास्त दाबून धरली तर शिफ्टचे अक्षर, असा तिचा नियम आहे. हा काळ मुळात १७५ मिलिसेकंद ठेवलेला असतो. इंग्रजीत ही सोय सुखाची असेल, पण मराठीत तिने माझी फजिती केली. ‘काल वेळ मिळाला नाही’ असे लिहायला गेलो आणि पडद्यावर ‘काळ वेल मिलाला नाही’ असे उमटले. ‘मिलाला’ला शुद्धलेखन तपासनिसाने लाल रेघ मारली, पण ‘काळ’ आणि ‘वेल’ हे दोन्ही खरेच शब्द असल्यामुळे ते निर्धास्तपणे बसून राहिले. ‘मूल’ आणि ‘मूळ’, ‘गाल’ आणि ‘गाळ’ यांचेही तेच झाले. ज्या भाषेत ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या फरकावर अर्थ उभा आहे, तिथे तो फरक बोटाच्या रेंगाळण्यावर सोपवणे हे मुळातच चुकीचे होते. आठ दिवस मी ती वेळमर्यादा कमीजास्त करत राहिलो, ते वाया गेले.

त्यानंतर ‘ळ’ हे अक्षर थेट फर्मवेअरमधूनच पाठवावे असे मनात आले, आणि इथे एक साधी गोष्ट माझ्या नीट ध्यानात आली, जी वाचून माहीत होती पण पटलेली नव्हती. कळफलक अक्षर पाठवतच नाही. एनची कळ दाबली की तो संगणकाला ‘१७ क्रमांकाची कळ’ एवढेच कळवतो, आणि शिफ्ट दाबलेली असेल तर शेजारच्या बाइटमधला एक बिट चालू करतो. त्या १७ चा ‘ल’ करायचा की ‘एन’, हे संगणकातली मांडणी ठरवते. लिनक्सवर फर्मवेअरमधून युनिकोड पाठवायची पद्धत म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून ०९३३ असे आकडे टाइप करण्याचे सोंग करणे. ते काही प्रोग्रॅममध्ये चालते, काहींमध्ये चालत नाही, आणि मागे देवनागरी मांडणी चालू असेल तर भलतेच उमटते. हे कळल्यावर उपाय एका ओळीचा निघाला: एक वेगळी कळ नेमायची आणि तिने ‘शिफ्ट आणि १७’ हीच जोडी पाठवायची. बाकीचे इनस्क्रिप्टने पाहावे.

ही वेगळी कळ स्पेसबारमधून काढली. माझ्या कळफलकाच्या पाटीवर ६.२५ युनिटच्या (साध्या अक्षरकळीची रुंदी म्हणजे एक युनिट) स्पेसबारऐवजी २.२५, १.२५ आणि २.७५ असे तीन तुकडे बसवण्याची सोय आहे. दोन्ही बाजूंचे तुकडे स्पेसचे काम करतात आणि मधला आता ‘ळ’ आहे. कॅप्स लॉकची जागा ‘ण’ला दिली. मराठी टंकलेखनाची ३० शब्दांची परीक्षा टाइपरायटरवर पास झालेल्या बाबांनी कळफलक पुढे ओढून दोन ओळी मारून पाहिल्या. त्यांच्या बोटांत जुनी रेमिंग्टन मांडणी असल्यामुळे उमटले ते काहीच्या काही, पण निकाल त्यांनी दिलाच: “कळ मऊ आहे रे, पण अंगठ्यानं कधी अक्षर मारतात होय?”

खरी डोकेदुखी पुढे होती. इंग्रजी लिहिताना मधली कळ बॅकस्पेस असावी अशी माझी इच्छा होती, म्हणून भाषा बदलण्याच्या एकाच कळीने संगणकातली मांडणी आणि फर्मवेअरमधला थर (कळींच्या नेमणुकांचा वेगळा संच) दोन्ही आलटून पालटून बदलतील असे केले. दुसऱ्याच दिवशी दोघांची चुकामूक झाली, कारण मी एकदा माउसने भाषा बदलली आणि कळफलकाला त्याचा पत्ता नव्हता. ‘वेळ’ लिहायला जावे आणि ‘ळ’ येण्याऐवजी ‘वे’ची मात्राच गायब व्हावी, असा खेळ सुरू झाला. आता आलटापालट काढून टाकली आहे. मराठीसाठी एक आणि इंग्रजीसाठी एक अशा दोन कळी आहेत. त्या अनुक्रमे एफ-१३ आणि एफ-१४ पाठवतात आणि फर्मवेअरमध्ये आपापला थर लावतात, तर संगणकावर त्या दोन शॉर्टकटना आयबसचे (लिनक्सवर भाषा बदलणाऱ्या प्रोग्रॅमचे) ठरावीक इंजिन निवडणारा आदेश जोडलेला आहे. एक इशारा: एक्स-११ या लिनक्सच्या जुन्या पडदा-प्रणालीवर एफ-१३ दाबले की शॉर्टकटच्या खिडकीत ‘टूल्स’ असे नाव दिसते. आपलेच काही चुकले असे समजून मी तासभर घालवला. (मायक्रोकंट्रोलरच्या ३२ किलोबाइटमध्ये हे सगळे मावेना, म्हणून रंगीत दिवे काढून टाकले. दिवाळी वर्षातून एकदा पुरे.)

आता वायर. आमचा फ्लॅट जुना आहे, भिंती जाड आहेत, आणि हॉलमधले वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोहोचता पोहोचता दमते. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेले वायफायचे अनेक डबे घे, असे अनेकांनी सुचवले. पण ज्याचे दोन डबे आपसात वायरलेसवरच बोलतात तो मेश त्याच हवेतला वेळ पुन्हा वापरतो, म्हणून जिथे वायर नेता येते तिथे ती न्यावीच, या मतावर मी ठाम राहिलो. बिल्डरने भिंतीत लँडलाइनसाठी घातलेला पाइप माळ्यावरून मागच्या खोलीत उतरतो. त्यातली मेलेली टेलिफोनची वायरच ओढदोरी म्हणून वापरली आणि १८ मीटर कॅट-६ वायर एका रविवारी ओढून घेतली.

नेट चालू झाले, पण आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने मोजल्यावर वेग ९४ मेगाबिटच्या वर जाईना. हा आकडा ओळखीचा आहे: गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर जोडणी झाली की तो दिसतो. मी आधी लॅपटॉपच्या ड्रायव्हरला दोष दिला, मग राउटरच्या पोर्टला, मग स्वतःच्या क्रिंपिंगला (वायरीच्या टोकाला प्लग दाबून बसवण्याला). तीन वेळा टोके कापून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा असा क्रम पुन्हा लावला. शेवटी टेस्टर आणला, तेव्हा तपकिरी जोडी मध्येच कुठेतरी तुटलेली निघाली. १०० मेगाबिटला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे तपकिरी तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप दहाव्या हिश्शावर येते. वायर तुटली तर नेट जाईल हे मी गृहीत धरले होते, म्हणून वायरीकडे सगळ्यांत शेवटी पाहिले.

उरलेल्या तुकड्याची एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी निघाली. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. माळ्यावरच्या वळणात ती दुमडली आणि तुटली. अशी वायर ठिसूळ तर असतेच, शिवाय ॲल्युमिनियमचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असल्याने तिच्यातून वीज पाठवणे आणखी वाईट, आणि मला तर तीच वायर वापरून मागच्या खोलीतल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणाऱ्या डब्याला) वीजही द्यायची होती. पीओईच्या, म्हणजे नेटच्या वायरीतूनच वीज पाठवण्याच्या पद्धतीच्या, ८०२.३एएफ या मानकानुसार नेटवर्क स्विचमधून जास्तीत जास्त १५.४ वॉट निघतात आणि १०० मीटरच्या टोकाला १२.९५ वॉट मिळतील असे धरले आहे. हा हिशेब तांब्याचा आहे. दुसऱ्या रविवारी शुद्ध तांब्याची वायर ओढली, दोन्ही टोकांना आयओ बॉक्स (भिंतीवरचे नेटचे सॉकेट) बसवले, आणि वेग ९४१ मेगाबिटवर गेला. आता वीज गेली तरी हॉलमधल्या एकाच छोट्या यूपीएसवर सगळे चालते.

बाहेरून घरचे यंत्र गाठण्याचे प्रकरण थोडक्यात सांगतो. दोन संध्याकाळी पोर्ट फॉरवर्डिंगशी (बाहेरून आलेली जोडणी राउटरने घरातल्या यंत्राकडे वळवण्याशी) झटलो आणि मग राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला, तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला निघाला. हा पट्टा २०१२ मध्ये सेवादात्यांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवला आहे, आणि त्यातला पत्ता बाहेरच्या इंटरनेटवरून थेट गाठता येत नाही. म्हणजे माझा दरवाजा उघडा होता, पण सोसायटीचे फाटकच बंद होते. सेवादात्याने आयपीव्ही-६ (इंटरनेटची नवी पत्तापद्धत, जिच्यात थेट गाठता येणारा पत्ता मिळतो) दिलेले असल्यामुळे त्यावरून वायरगार्ड हे व्हीपीएन चालवले आणि राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीच्या फायरवॉलमध्ये एकच यूडीपी पोर्ट उघडला. मोबाइलवरून ते पहिल्या झटक्यात लागले.

आता उरला आहे ‘दऱ्याखोऱ्यां’तला आडवा र. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट-जे आणि मग डी असा येतो, म्हणून दोन्ही एका दाबात पाठवणारी कळ उजव्या ऑल्टच्या जागी बसवली आहे. पण माझ्या जुन्या फायलींत हाच र साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे २००डी हे जोडचिन्ह टाकून लिहिलेला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोध घेतला की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. त्या फायली बदलण्याचे काम माळ्यावरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला रात्री लावून दिले आहे. कळीची टोपी मात्र अजून कोरीच आहे, कारण अर्ध्या अक्षराची टोपी छापून देणारा मला अद्याप भेटलेला नाही.